राईस बाउलचा खोका: गेल्या उपवासकाळात ४० दिवस वापरला, त्याचा अनुभव

परवा रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, संपल्यावर चर्चच्या दाराजवळच्या टेबलावर ते खोके पुन्हा आलेले दिसले, चपटे, एकावर एक रचलेले, आणि मी हात पुढे करायच्या आत माझ्या मुलीने एक उचलून कोटाच्या खिशात सरकवलासुद्धा. गेल्या वर्षी हा खोका आम्ही पहिल्यांदा नीट वापरला, तेव्हापासून यावर लिहायचं लिहायचं म्हणत राहून गेलं होतं, आता १८ फेब्रुवारी २०२६ ला राखेचा बुधवार आहे, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, म्हणजे अजून थोडे दिवस हातात आहेत, कोणाला उपयोग व्हायचा असेल तर आत्ताच होईल म्हणून आज बसलेच लिहायला.

आधी वस्तू काय आहे ते सांगते, कारण गावाकडच्या बऱ्याच जणांनी हे पाहिलेलं नसेल. मी मूळची वसईची, नऊ वर्षं झाली न्यू जर्सीत एडिसनच्या जवळ राहतेय. इथल्या कॅथलिक चर्चमध्ये उपवासकाळ म्हणजे लेंट सुरू व्हायच्या आधी घरटी एक पुठ्ठ्याचा खोका देतात, त्याला म्हणतात राईस बाउल. घडी उघडून उभा केला की तळहातावर राहील एवढा, वर पैसे टाकायला फट, चारी बाजूंना फोटो आणि मजकूर, आणि सोबत एक कॅलेंडर, त्यात रोजचा एक खण आणि रोज करायला काहीतरी छोटंसं. किंमत काही नाही. बाल्टिमोरच्या कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसचा हा उपक्रम, ही संस्था इथल्या बिशपांनी १९४३ साली काढली आणि आपल्या भारतात ती १९४६ पासून काम करतेय. खोक्याची कल्पना मात्र पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनची, आमच्या घरापासून गाडीने तास-सव्वातासावरचं गाव आहे ते. १९७५ साली आफ्रिकेत दुष्काळ पडला होता तेव्हा तिथल्या धर्मप्रांताने, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या सगळ्या चर्चनी मिळून, ठरवलं की घरोघरी एक वेळ साधं जेवायचं आणि त्यातून वाचलेले पैसे एका बाउलमध्ये टाकायचे. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाला आंतरराष्ट्रीय युखरिस्त काँग्रेस, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांचा मोठा मेळावा, भरली, तिथून ते देशभर पोचलं आणि १९७७ मध्ये बिशपांनी ते सगळ्या देशासाठी स्वीकारलं. जमलेल्या पैशातले ७५ टक्के परदेशातल्या कामाला जातात आणि २५ टक्के आपल्याच धर्मप्रांतात गरिबांसाठी राहतात. हा हिशेब मला फार आवडतो, कारण दूरचा भुकेला आणि शेजारचा भुकेला दोघंही त्यात आहेत.

पण मी हा रिव्ह्यू दानपेटीचा म्हणून लिहीत नाहीये. मला या खोक्याने उपवासकाळात झेपेल तेवढंच कसं ठरवायचं ते शिकवलं, आणि ते मला पस्तीस वर्षांत जमलं नव्हतं.

आपल्याकडे कसं असतं, राखेच्या बुधवारी फादर कपाळावर राख लावतात, मन एकदम भरून येतं आणि त्या भरात माणूस मोठमोठं ठरवून बसतो. मी एका वर्षी ठरवलं ४० दिवस चहा बंद, पहाटे पाचला उठून रोज पूर्ण रोझरी (माळेवरची प्रार्थना), रात्री नऊनंतर मोबाईल नाही, मुलांवर आवाज चढवायचा नाही, सगळं एकदम. दुसऱ्या आठवड्यात मुलगा तापाने आजारी पडला, दोन रात्री झोप नाही, आणि एकेक करत सगळंच सुटलं. सुटलं की मग वाटतं आता काय उरलं, पुढच्या वर्षी बघू, आणि पुढचे पंचवीस-तीस दिवस तसेच रिकामे जातात. हे रिकामे दिवस मला फार लागायचे, सुटलेल्या नेमापेक्षाही जास्त.

त्याच्या पुढच्या वर्षी मी फोनवर सवयी नोंदवायचं एक ॲप घेतलं, नाव लिहीत नाही, पैसे भरून घेतलं होतं. त्यात रोज टिक करायची आणि किती दिवस सलग झाले तो आकडा मोठ्या अक्षरात दिसायचा. आठ दिवस झाले, नवव्या दिवशी राहिलं, आणि दहाव्या दिवशी उघडलं तर शून्य. आठ दिवस मी जे केलं होतं ते त्या स्क्रीनवर कुठेच नव्हतं. मी ते शून्य बघून खरंच रडले होते, एवढ्याशा गोष्टीला कोणी रडेल का असं वाटेल पण त्या दिवसात मी तशीच थकलेली होते. मग रोज संध्याकाळी आठवण करून देणारा मेसेज यायचा, तो बंद करेपर्यंत ईस्टर आला, आणि वर्षाचे पैसे पुन्हा आपोआप कापले गेले ते वेगळंच.

आता खोका बघा. खोक्यात आज पाच डॉलर टाकले, उद्या टाकले नाहीत, तरी आजचे पाच आतच आहेत, ते कुठे जात नाहीत. चुकलेला दिवस झालेल्या दिवसाला पुसत नाही. माझ्यासाठी सगळा फरक इथेच पडला. हलवला की वाजतो, उचलला की जड लागतो, आणि तिसऱ्या आठवड्यात तो पहिल्या आठवड्यापेक्षा जास्तच जड असतो, मधे कितीही खाडे झालेले असोत.

गेल्या वर्षी राखेचा बुधवार ५ मार्चला होता. आदल्या रात्री मी आणि नवरा स्वयंपाकघरात बसलो आणि ठरवलं की या वेळी एकच गोष्ट, आणि ती अशी पाहिजे की संध्याकाळी झाली का नाही झाली ते वाद न घालता सांगता येईल. मी आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जाते, मंगळ बुध गुरू, आणि त्या तिन्ही दिवशी वाटेत ड्राइव्ह-थ्रूच्या रांगेत थांबून कॉफी आणि सोबत काहीतरी खायला घ्यायची, पाच डॉलरच्या आसपास जायचे. कॅलेंडर काढून मोजलं तर उपवासकाळात ऑफिसचे दिवस बरोबर २० निघाले. वीस दिवस, दिवसाला पाच, शंभर डॉलर. कॉफी सोडायची नव्हती बरं का, ती घरून थर्मासच्या मगमधून न्यायची, फक्त विकतची घ्यायची नाही आणि ते पाच डॉलर रात्री खोक्यात. एवढंच. नवरा म्हणाला हे फारच सोपं आहे, याला उपवास म्हणायचं का. मी म्हटलं सोपं आहे म्हणूनच करूया, अवघड करून आपण पाहिलंय.

आणि हे मी नंतर फादरांनाही बोलून दाखवलं तर ते म्हणाले चर्च तरी कुठे फार मागतं. खरंच आहे, नियम बघितले तर किती मोजके आहेत, पोटाचा उपवास फक्त दोन दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तोही १८ ते ५९ वयाच्या लोकांना, आणि त्यात एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडं थोडं खायची मुभा. शिवाय शुक्रवारी मांस नाही, ते १४ वर्षांपासून पुढे. रविवार तर ४० दिवसांत धरतच नाहीत, राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर ४६ होतात, त्यातले सहा रविवार वजा करा. म्हणजे नेमाच्या आतच विसावा ठेवलाय, आणि मी मात्र इतकी वर्षं विसावा न ठेवता नेम करत होते.

आता जे झालं ते सांगते, कारण हे मी ठरवलेलं नव्हतं. रांगेत थांबायची आठ-दहा मिनिटं वाचायला लागली. पहिल्या आठवड्यात मी नुसतीच ऑफिसच्या पार्किंगमध्ये लवकर पोचून बसायचे. मग एका मंगळवारी सहज वसईला आईला फोन लावला. आमचे आठ म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा असायचे, पण ९ मार्चला इथली घड्याळं एक तास पुढे गेली आणि मग साडेपाचच, म्हणजे आई भाजी निवडत ओट्यावर बसलेली असते ती वेळ. एरवी आमचं बोलणं रविवारी व्हिडिओ कॉलवर, सगळे समोर, मुलं ओरडतायत, आई नुसती बघत राहते. हे वेगळंच होतं, गाडीत मी एकटी, हातात घरची कॉफी, आणि आई एकटी, मागे कावळे ओरडतायत, कोणाची तरी स्कूटर गेली. दहा मिनिटं. ती सांगायची आज कोणाकडे क्रुसाची वाट (उपवासकाळातली प्रार्थना) आहे, वाडीतल्या विहिरीला पाणी किती आहे, भावाच्या मुलाने उपवासकाळात गेम खेळणार नाही असं ठरवलंय आणि चार दिवसांत कसा चिडचिडा झालाय.

अशाच एका फोनवर मी तिला खोक्याचं सांगितलं, बाउल म्हटलं तरी तिला कळेना, मग म्हटलं अगं भाताचा वाडगा, त्यात पैसे टाकायचे. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, म्हणजे तुझ्या आजीची मूठ. मला हे माहीतच नव्हतं. आजी उपवासकाळात रोज भात टाकताना तांदूळ मोजून घ्यायची आणि त्यातली एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची, घरात खाणारी तोंडं नऊ, एक मूठ कमी झाली तर कोणाच्या ताटात कमी पडलं ते कळायचंही नाही. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यात, तो डबा गावातल्या एका एकट्या बाईच्या घरी जायचा. आईने मला विचारलं, तुझ्या खोक्यात पण कोणाला कळत नाही ना कमी पडलेलं? मी म्हटलं नाही गं, कळत नाही. (मिझोरामच्या ख्रिस्ती बायकांनी तर हे १९१० पासून चालवलंय, रोजच्या भातातली मूठ बाजूला काढून चर्चला द्यायची, त्याला त्यांच्याकडे बुहफाई थाम म्हणतात, आणि मुठीमुठीने त्यांचं केवढं तरी काम उभं राहिलंय.) त्या दिवसापासून घरात आम्ही खोक्याला मूठच म्हणतो. मुलगी रात्री विचारते, मम्मी, मूठ टाकलीस?

मुलांनी आपलं आपण ठरवलं. मुलगी आठ वर्षांची, तिने ठरवलं सकाळी स्वतःची चादर घडी करायची आणि केली की पॉकेटमनीतला एक क्वार्टर, म्हणजे २५ सेंटचं नाणं, टाकायचा. मुलगा पाच वर्षांचा, त्याला टाकायला आवडतं म्हणून तो काहीही टाकायचा. कॅलेंडर फ्रिजवर लावलं होतं, मुलगी रोज त्या दिवसाचा खण वाचून दाखवायची आणि वेगवेगळ्या देशातल्या कुटुंबांच्या गोष्टी असतात त्या भावाला सांगायची, तिच्या तोंडून त्या ऐकताना मलाच नव्याने कळायच्या. बिनमांसाच्या रेसिपीपण असतात, साध्या असतात, कडधान्य आणि भात असलं बरंच काही, ज्याच्या घरी वाल-मसूर रोज शिजतात त्याला काही अवघड नाही. शुक्रवारचं मात्र मी वेगळं ठरवलं होतं. मांस नाही पण मासे चालतात हा नियम आहे, इथे चर्चमध्ये शुक्रवारी तळलेल्या माशांचं जेवण असतं आणि लोक आनंदाने जातात, पण आम्हा वसईकरांसाठी मासे म्हणजे घरच्या आनंदाची गोष्ट, त्यामुळे शुक्रवारी आम्ही मासेही आणले नाहीत, वालाचं बिरडं आणि भात. सहा शुक्रवार झालं, सातवा गुड फ्रायडे. हे सगळ्यांनी करावं असं नाही, आमच्या घराला ते लागू पडलं.

खाडे किती झाले तर तीन. एका दिवशी उशीर झाला आणि मग विसरले, एका दिवशी ऑफिसमधल्या मैत्रिणीने आग्रहाने नेलं आणि तिला नाही म्हणणं मला बरोबर वाटलं नाही, ती नुकतीच एका दुःखातून बाहेर येत होती, आणि एकदा मी सरळ थकलेली होते आणि रांगेत गाडी घातली. त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खोक्यासमोर उभी राहिले आणि मला ते ॲपमधलं शून्य आठवलं. खोका उचलला, चांगला जड होता. ठेवला परत. दुसऱ्या दिवशी थर्मास भरला. बास, एवढंच झालं, आणि माझ्या इतक्या वर्षांत ते कधीच एवढ्यावर थांबलं नव्हतं.

झावळ्यांच्या रविवारनंतर, पवित्र गुरुवारी म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, ऑफिसहून आले की खोका ओतायचा असं ठरलं होतं, कारण माझा शेवटचा ऑफिसचा दिवस तोच. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. माझे १७ दिवसांचे ८५ डॉलर, मुलांचे ११ डॉलर ४० सेंट, आणि सगळ्यात तळाला पाच रुपयांचं एक नाणं, भारतातलं, मुलाने कुठून काढलं कोण जाणे. ते काढून ठेवलं. ९६ डॉलर ४० सेंट. मुलीने वहीत भागाकार केला, २४ डॉलर १० सेंट इथे राहणार आणि ७२ डॉलर ३० सेंट लांब जाणार. गेल्या वर्षी हे आकडे लिहिताना मन जड होतं, कारण जानेवारीतच अमेरिकन सरकारने परदेशातली मदत थांबवली होती आणि अशा संस्थांचं केवढं तरी काम अडकलं होतं, त्यापुढे आमचे बहात्तर डॉलर म्हणजे काय. पण ती मूठच आहे, मुठीने एवढंच व्हायचं असतं आणि तेवढं तरी झालं पाहिजे.

हे आकडे लिहू की नको यावर मी बराच विचार केला. राखेच्या बुधवारी बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायाचं वाचन असतं, दान करताना डाव्या हाताला कळू देऊ नका म्हणून. तरी लिहिलं, कारण रक्कम किती छोटी असू शकते ते दिसलं नाही तर माणूस पुन्हा मोठं काहीतरी ठरवायला जाईल, मी गेले होते तशी.

वापरायचा असेल तर दोन-तीन गोष्टी सांगते. रोख पैसे आधीच आणून ठेवा. आजकाल पाकिटात सुटे कोणाकडे असतात, मी आदल्या दिवशी बँकेतून पाच-पाचच्या वीस नोटा आणल्या आणि एका पाकिटात घातल्या, त्या पाकिटातून खोक्यात जाताना दोन्हीकडचं दिसतं, इकडे कमी होतंय तिकडे वाढतंय. आमच्या चर्चमध्ये शेवटी मोजून एकच चेक लिहून दिला तरी चालतो. खोका पुठ्ठ्याचा आहे, सिंकजवळ ठेवू नका, आमचा चहाच्या डब्यांशेजारी होता आणि तिथेच तो रोज डोळ्यासमोर राहिला. कॅलेंडर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये मिळतं, सासूबाई इकडे आल्या होत्या तेव्हा मी त्यांना रोजचा खण मराठीत सांगायचे, त्यांना फार आवडायचं. भारतात असाल तर हा खोका शोधत बसू नका, कुठलाही डबा घ्या, वर फट पाडा आणि मोजता येईल अशी एकच गोष्ट ठरवा, आणि शेवटी ते कोणाकडे जाणार ते पहिल्या दिवशीच ठरवून त्यावर लिहा. हे शेवटचं मला आईने सांगितलं, आजीच्या डब्यातला तांदूळ कोणाचा आहे ते घरातल्या पोरांनासुद्धा माहीत असायचं, म्हणून त्याला कोणी हात लावायचं नाही.

माझ्याकडून पाचपैकी पाच.

ईस्टरनंतर फोन बंद होतील असं मला वाटलं होतं. ईस्टर २० एप्रिलला झाला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला फोन वाजला, आई होती, एवढ्या वेळेला ती कधी करत नाही, म्हणाली पोप फ्रान्सिस गेले गं. आम्ही दोघी बराच वेळ फोनवर नुसत्या होतो. मग मंगळवारी मी पार्किंगमधून केला, बुधवारी केला. अजून चालू आहे.

या वर्षीही ऑफिसचे दिवस मोजले, पुन्हा २० च येतात. कॉफीचं तेच ठेवलंय, वाढवलेलं नाही. नवऱ्याने या वेळी स्वतःचं ठरवलंय, जेवताना फोन चहाच्या डब्यांच्या फळीवर ठेवायचा, खोक्याच्या शेजारी, आणि ठेवला की एक डॉलर. मुलगी म्हणते तिला चादर आता सवयीने होते, त्याचे पैसे टाकणं बरोबर नाही, ती नवीन काहीतरी शोधतेय. खोका काल रात्री घडी उघडून उभा केला. आज सकाळी हलवून बघितला तर आत काहीतरी वाजलं, बघते तर तेच पाच रुपयांचं नाणं.